दही लावणारं मशीन

आमच्या शेजारच्या अमेरिकनाने मला कधी 'कशी आहेस' असं विचारलं नाही. सकाळी मी हॉस्पिटलला कामावर निघाले की तो कॉफीचा मग घेऊन दारात उभा असायचा आणि मला पाहिलं की पहिला प्रश्न, "मॅम, हीटिंग कितीवर आहे?" मी म्हणायचे, "एकोणीस." त्याचा चेहरा पडायचा. "काल एकवीस होतं." "काल पाहुणे होते." मग तो घरात कुणी आजारी असल्यासारखा मान हलवत आत जायचा. कार्डिफमध्ये लोक भेटले की हवेबद्दल बोलतात हे मला ठाऊक होतं, पण ते बाहेरच्या हवेबद्दल. माझ्या दिवाणखान्यातल्या हवेची एवढी काळजी वाहणारा हा एकच माणूस मला भेटला.

कारण असं, की आमची घरं एकमेकांना चिकटलेली, दोघांत एकच भिंत. त्या भिंतीला टेकून त्याची मशिनं उभी. माझं हीटिंग उतरलं की भिंत गार होते, भिंत गार झाली की मशीन गारठतं आणि मशीन गारठलं की त्याचा सूर घसरतो, असं त्याचं म्हणणं. यात तथ्य किती ते देव जाणे. बिचारा फॅरनहाइटमध्ये वाढलेला, पण माझ्या घराचं तापमान कळावं म्हणून सेल्सिअस शिकला. कुणी माझ्यासाठी काही शिकल्याचं हे एकच उदाहरण आहे, कारण आमच्या ह्यांना अजून चहा येत नाही.

धंद्याने तो ब्रेकबीटवाला. म्हणजे काय, तर जुन्या रेकॉर्डमधून ड्रमचा दोन-चार सेकंदांचा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचा, वेग वाढवायचा आणि खालून जुन्या सिंथेसायझरचा घुमारा सोडायचा. यावर तरुण मुलं रिकाम्या गोदामांत जमून नाचायची म्हणे. ऐंशीचं दशक संपून नव्वदचं लागलं होतं आणि या प्रकाराची तेव्हा फार चलती होती. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा भिंतीला कान लावून ते ऐकलं आणि म्हणाले, "अगं, कुणीतरी जिन्यावरून पिंप सोडलंय, आणि ते खाली पोचतच नाहीये." मी त्यानंतर पुष्कळ लोकांची पुष्कळ वर्णनं ऐकली, पण इतकं चपखल नाही.

ड्रमचे तुकडे कापायला एक डिजिटल डबा लागायचा. तो त्याने टेबलाखाली टॉवेल घालून झाकून ठेवला होता. मी विचारलं, "हा असा का लपवलास?" तर म्हणाला, "तो कारकून आहे. कामाला ठेवलाय, जेवायला नाही बोलावत." जेवायला बसायचा मान सगळा जुन्या अॅनालॉग मशिनांचा. तेव्हा सगळं जग ती फेकून नवी डिजिटल घेत होतं, आणि हा जिथे कुणी फेकेल तिथे झेलायला उभा.

कार्डिफलाही तो त्यापायीच आला. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनी वरच्या खोलीत बसून, सुटे भाग आणून, कपाटाएवढा एक सिंथेसायझर जुळवला होता. पुढून सगळ्या वायरी आणि खुंट्या, बघणाऱ्याला वाटावं टेलिफोन एक्स्चेंजच. मास्तर मुलीकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी तो विकायला काढला, आणि हा अमेरिकेहून तो न्यायला आला. आला आठ दिवसांसाठी. पण कपाट जिन्याच्या वळणातून उतरेना. मास्तरांनी ते वर जुळवलं होतं, खाली न्यायचा विचार केलाच नव्हता. आमचे हे मदतीला गेले आणि सहज म्हणाले, "सुटं करून न्या की." त्यावर अमेरिकन त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सर, तुमच्या आईला तुम्ही सुटं करून न्याल का?" आणि मशीन खाली येईना म्हणून तो माणूसच वर राहायला गेला. ते घरच त्याने भाड्याने घेतलं.

ते मशीन तो कधी बंद करत नसे. "कोल्ड मशीन लाइज," हे त्याचं ब्रीदवाक्य. थंड मशीन खोटं बोलतं. ते तो माणसांनाही लावायचा. सकाळी चहाआधी मी कुणावर खेकसले की तो शांतपणे म्हणायचा, "शी इज नॉट वॉर्म येट." येता-जाता मशिनाच्या माथ्यावर पालथा हात ठेवून बघायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि संध्याकाळी टीव्हीवरची मालिका संपली की सगळी गल्ली एकदम चहाच्या किटल्या लावते, त्यामुळे वीज दबते आणि सूर उतरतो, यावरही त्याचा ठाम विश्वास. मालिका संपायच्या वेळी तो वाजवणं थांबवून दाराबाहेर यायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे कमरेवर हात ठेवून बघायचा. चहा पिताना आपण काहीतरी गुन्हा करतोय असं आम्हाला वाटायचं.

आता माझ्या दह्याचं सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा आईने मला दागिन्यांबरोबर एक रुमाल दिला होता. पांढरा, सुती, कडक झालेला. आमच्या घरच्या दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला. तिथे जाऊन कोमट दुधात टाक, विरजण जागं होईल, म्हणाली. झालं. आईला ते तिच्या सासूकडून, सासूला तिच्या आईकडून. मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करणारी बाई, सूक्ष्मजंतू म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तरीही दुकानातलं दही आणून त्याला दही म्हणणं मला जमलं नाही. लॅबमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, आपल्या इनक्युबेटरमध्ये ठेव ना पातेलं!" त्यात मी रोज काय काय वाढवते ते त्यांनाही माहीत होतं, तरी म्हणायच्या.

बरीच वर्षं काही अडलं नाही. आमच्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट होतं, कपडे वाळवायचं. त्यात पातेलं ठेवलं की वेल्सच्या थंडीतही सुरीने कापावं असं दही लागायचं. मग आमच्या ह्यांना आधुनिक व्हायची लहर आली. त्यांनी नवा बॉयलर बसवला, टाकी काढली, कपाट काढलं आणि त्या जागी टॉवेल अडकवायचा एक दांडा लावून मला मोठ्या अभिमानाने दाखवला. त्या हिवाळ्यात माझं दही लागेना. ब्लँकेटात गुंडाळलं, ओव्हनचा दिवा लावून आत ठेवलं, पण रोज पाणचट, तारा सुटलेलं. विरजण मरायला टेकलं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

तशात एका दुपारी मी पातेलं हातात घेऊन घरभर उबदार जागा शोधत फिरत होते, आणि भिंतीपलीकडे पिंप जिन्यावरून सुटलं. माझं टाळकंच सरकलं. आमचे हे कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरीला, त्यामुळे शेजाऱ्याची तक्रार आपल्याच ऑफिसात कशी करायची म्हणून गप्प बसायचे. म्हटलं, मीच बघते. पातेल्यासकट त्याच्या घरी गेले, जिना चढले, आणि हातवारे करायला हात मोकळे हवेत म्हणून पातेलं समोरच्या त्या कपाटाएवढ्या मशिनावर ठेवलं. चांगली धुलाई केली त्याची. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मॅम, यू आर व्हेरी वॉर्म टुडे." मी तणतणत घरी आले. पातेलं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. दोन्ही हातांत पातेलं, चेहरा अपराधी. "आय ॲम सो सॉरी, मॅम. तुमचं दूध माझ्याकडे मेलं. घट्ट झालंय."

मी झाकण काढलं. आईच्या हातचं दही! पातेलं तिरकं केलं तरी हलेना. मी तिथेच बोट घालून चाटलं आणि त्या परक्या माणसाच्या दंडावर थाप मारून म्हटलं, "मेलं नाही रे बाबा. जगलं!"

त्या दिवसापासून माझं पातेलं त्याच्या मशिनावर. मी त्याला सगळं समजावलं. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट, विरजण चमचाभर, ढवळायचं एकदा आणि मग हात लावायचा नाही. आपल्याकडे उत्साहावर विरजण पडतं म्हणतात. याचा उत्साह विरजणानेच उतू जायला लागला. दही अॅनालॉग आहे, हा शोध त्याने लावला. रोज वेगळं, हवेप्रमाणे बदलणारं, घाई केली की बिघडणारं. दुकानातल्या डब्यातलं ते डिजिटल. आमच्या घरी जेवायला आला की पहिला घास घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आज किंचित शार्प आहे." आमचे हे म्हणायचे, "आंबट म्हण रे, आंबट." तो म्हणायचा, "तेच, सर."

पण खरी गंमत पुढेच झाली. लागत असलेलं दही हलवायचं नाही, हा नियम त्याने इतका मनावर घेतला की पातेलं मशिनावर असेपर्यंत तो वाजवेना. घुमाऱ्याने कपाट थरथरतं, दही फुटेल! म्हणजे मी दुपारी दूध विरजलं की संध्याकाळभर गल्लीत शांतता. समोर राहणाऱ्या आजीबाईंच्या हे आधी लक्षात आलं. त्या वेल्श, कडक चॅपलवाल्या, दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणाऱ्या. एक दिवस रस्त्यात माझा हात धरून म्हणाल्या, "आज तुझं ते योगर्ट आहे का गं, लव्ह?" म्हटलं, "नाही, कालचंच शिल्लक आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उंबऱ्यावर दुधाची एक जादा बाटली. मग दुसऱ्या घरातून. मग तिसऱ्या. गवळ्याला वाटलं आमच्याकडे बाळ झालंय, त्याने अभिनंदन केलं. सगळी गल्ली मला दूध घालत होती आणि मी दही लावत सुटले होते. कढी, श्रीखंड, पियुष, दहीभात, पुन्हा कढी. आमचे हे रडकुंडीला आले. "अगं, त्याला वाजवू दे गं एकदा. मला आमटी खायचीय."

त्या दिवसांत लंडनहून एक माणूस ते मशीन विकत घ्यायला आला. मोठ्या लोकांसाठी रेकॉर्ड बनवणारा, लांब कोट, बाहेर उभी केलेली चकाकती गाडी. तोपर्यंत जगाला पुन्हा जुन्या मशिनांचं वेड लागलं होतं आणि तसं दुसरं मशीन नव्हतं. पैसे तर देणार होताच, वर आमच्या अमेरिकनाला आपल्या स्टुडिओत कायमचं कामही देणार होता. संध्याकाळी आला. मी पातेलं बघायला तिथेच गेले होते.

"एकदा ऐकव तर," तो म्हणाला.

"आत्ता नाही. दही लागतंय."

"काय?"

"योगर्ट. उद्या सकाळी या. नऊनंतर."

त्या माणसाने आधी पातेल्याकडे, मग माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, "अरे, मी उचलते ना पातेलं! एक दिवस बिघडलं तर काय होतंय?" तर हा चक्क कपाटासमोर आडवा उभा राहिला. पाहुणा घड्याळ बघत निघून गेला, तो परत आला नाही. मी चिडून म्हटलं, "वेडा आहेस का तू? एका पातेल्यापायी नशीब घालवलंस!" तो म्हणाला, "मॅम, जो दह्यासाठी थांबत नाही, तो मशीन तापायला थांबेल का?" मला राग आला होता, हसू येत होतं आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी भरूनही आलं होतं. मी घरी येऊन ह्यांच्यावर खेकसले.

पुढे त्याची इथे राहायची परवानगी संपली. मशिनाला न्यायचं ठरलं तेव्हा वरच्या खिडकीची चौकट काढली, दोर बांधले आणि सगळी गल्ली दोराला लागली. समोरच्या आजीबाई फुटपाथवरून हुकूम सोडत होत्या. कपाट हवेत लोंबकळत असताना हा खालून ओरडला, "लेफ्ट! मॅमच्या घरात!" मला कळेचना. तो म्हणाला, अमेरिकेत वीज अर्ध्या दाबाची, तिथे हे कायम कुडकुडत राहील. म्हटलं, "अरे, ट्रान्सफॉर्मर मिळतो." म्हणाला, "ट्रान्सफॉर्मरवर दही लावाल तुम्ही?" ते आत घ्यायला आमच्या ह्यांनी नुकतीच बसवलेली डबल ग्लेझिंगची, दुहेरी काचांची खिडकी काढावी लागली. हे बागेत पाठ करून उभे राहिले होते.

जाताना मी त्याला रुमाल दिला. पांढरा, सुती, दह्यात बुडवून वाळवलेला. त्याने तो आतल्या खिशात, पासपोर्टच्या मागे ठेवला. त्याचा जीव माझ्या दिवाणखान्यात राहिला आणि माझा त्याच्या खिशातून गेला. तो म्हणाला, "एकवीस." मी म्हटलं, "बरं."

मग काही वर्षांनी आई गेली. मी साताऱ्याला गेले, महिनाभर राहिले. तिथे आता वहिनी पिशवीतलं दही आणते, आईचं विरजण आईच्या आजारपणातच संपलं होतं. मी मनात म्हटलं, असू दे, कार्डिफला आहे. परत आले तर दिवाणखान्यात मशीन गार. विजेची बचत म्हणून ह्यांनी बंद केलेलं. आणि पातेलं घासून पालथं घातलेलं.

"अहो, दही कुठंय?"

"संपलं ना. शेवटचं होतं ते खिचडीवर घेतलं. छान लागलं." मग माझा चेहरा बघून, "का गं? आणू का दुकानातून?"

आई गेली तेव्हा मी फारशी रडले नव्हते. पाहुणे, विधी, वहिनी, सगळ्यांत राहून गेलं. त्या पालथ्या पातेल्यासमोर मात्र खाली बसून रडले. मोठ्याने. हे नुसते उभे, हातात गाडीच्या किल्ल्या. त्यांना काय झालंय ते कळलं तेव्हा तेही जमिनीवर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मी त्याला फोन लावतो."

फोनवर त्याने सगळं ऐकलं. त्याने धीर दिला नाही की हळहळला नाही. विचारलं एवढंच, "मशीन किती दिवस बंद आहे?"

आठवडाभराने पार्सल आलं. त्याची नवी रेकॉर्ड. मी कामावर होते. संध्याकाळी घरी येते तर हे वॉशिंग मशीनसमोर वाकलेले. "अगं, मूर्ख आहे तुझा अमेरिकन. रेकॉर्डच्या आत कुणाचा तरी मळका रुमाल..." मी अशी किंचाळले की समोरच्या आजीबाई दाराबाहेर आल्या. झाकण अजून लावायचं होतं म्हणून वाचलो. मळका, सुती, कडक झालेला रुमाल. मी नाकाला लावला. आमच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघराचा वास, ओहायोहून आलेला.

त्याने त्याच्या स्वयंपाकघरात एका छोट्या मशिनावर ते इतकी वर्षं जगवलं होतं. एक दिवसाआड, न चुकता. फोनवर त्याने मला थेट दूध विरजू दिलं नाही. "आधी मशीन तापवा. पूर्ण दिवस. कोल्ड मशीन लाइज." दुसऱ्या दिवशी त्याने मला रिसीव्हर मशिनाच्या स्पीकरशी धरायला लावला आणि अमेरिकेत बसून त्याचा सूर ऐकला. ह्यांनी त्याच्या सांगण्यावरून एक पट्टी दाबून धरली होती. गूं गूं गूं. "अजून नाही," तो म्हणाला. आम्ही चहा पिऊन आलो. गूं गूं. "अजून थोडं." ह्यांनी स्वतःहून हीटिंग वाढवलं. शेवटी तिकडून आवाज आला, "नाऊ, मॅम."

पहिलं दही तारेचं लागलं. त्याने सांगितलं होतं, घाबरू नका, त्याला अजून झोपेतून उठायचंय. त्यातलाच चमचा घालून पुन्हा लावलं. सकाळी झाकण काढलं, पातेलं तिरकं केलं. हललं नाही. ह्यांनी आधीच फोन लावून माझ्या हातात दिला होता.

मी चमचा तोंडात घातला. आई.

"मॅम?" तो म्हणाला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं, "हाऊ आर यू?"

तोंडात दही होतं, डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. कसंबसं गिळून मी म्हटलं, "एकवीस."

"गुड," तो म्हणाला. "कीप इट देअर."